डाक कोणाची, हरकारा कोणाचा?

आपल्या मंडळाच्या कार्यालयात ढोल, लेझीम आणि आरतीची तबके ठेवण्याची जी मागची खोली आहे, तिथे २००६ च्या सुरुवातीला एक जुना संगणक येऊन बसला. एका सभासदाच्या कचेरीतून तो निकालात निघाला होता. त्याला मंडळाचा मेल-सर्व्हर करावा, म्हणजे सभासदांना सूचना, स्मरणिकेच्या जाहिरातींचा पत्रव्यवहार आणि वधू-वर सूचक विभागाची पत्रे मंडळाच्या स्वतःच्या नावाने जातील, असे कार्यकारिणीने ठरवले. काम आम्हा तिघा-चौघांकडे आले. त्या सर्व्हरवर कोणाची पत्रे पुढे न्यायची आणि कोणाची नाही, हे परवाने लिहिताना आमची चूक झाली, आणि तिची किंमत दुसऱ्याच एका घराने मोजली. ती हकीकत सांगायची आहेच. परंतु चूक कुठे झाली हे पुढे आम्हाला समजावून दिले ते संगणकाच्या पुस्तकाने नव्हे, एका ज्येष्ठ सभासदांच्या तिकिटांच्या अल्बमने. म्हणून आधी त्या अल्बमकडे वळतो. जुन्या गोष्टी निघाल्या की इंदूरकर घड्याळाकडे पाहत नाहीत, हा भरवसा आहेच.

अल्बमच्या पहिल्या पानावर होळकर संस्थानाचे १८८६ सालचे अर्ध्या आण्याचे जांभळट तिकीट आहे. त्यावर महाराज तुकोजीराव दुसरे यांचे चित्र. छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीची. महाराज त्याच वर्षी वारले, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरचे हे तिकीट. पुढच्या पानांवर शिवाजीराव महाराज, मग तिसरे तुकोजीराव, आणि काही तिकिटांवर काळ्या शाईत ‘सर्व्हिस’ असा छाप. तो छाप असला की पत्र दरबारी कामाचे.

या तिकिटांची गंमत अशी की त्यांची सत्ता संस्थानाच्या हद्दीत संपत असे. राजवाड्याजवळ पेटीत टाकलेले पत्र महेश्वरला किंवा रामपुऱ्याला जायचे तर होळकरी तिकीट पुरेसे. पण हाकेच्या अंतरावरची महूची छावणी इंग्रजांची, उज्जैन शिंद्यांचे, देवास पवारांचे. तिकडे पत्र धाडायचे तर वर इंग्रजी तिकीट हवेच. खुद्द इंदुरात रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा अंमल आणि इंग्रजांचेच टपाल. एकाच गावात दोन डाका, आणि एकीचा हरकारा दुसरीचे ओझे फुकट उचलणार नाही. शिंद्यांनी वेगळी वाट धरली. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर ‘ग्वालियर’ छापून ती वापरण्याचा करार त्यांनी केला, आणि त्यांच्या प्रजेचे पत्र त्याच तिकिटावर हिंदुस्थानभर जाऊ लागले. स्वतःचा चेहरा तिकिटावर हवा की पत्र दूर पोचायला हवे, असा तो सौदा होता. होळकरांनी चेहरा राखला. आमच्यापैकी काहींना आजही ते योग्य वाटते, पण ते असो.

‘डाक’ या शब्दाचा मूळ अर्थ पत्र नव्हेच. ठराविक अंतरावर माणसे किंवा घोडे बदलत ओझे पुढे नेण्याची व्यवस्था म्हणजे डाक. शाळेत आपण रिले शर्यत धावलो, तेच. मेल-सर्व्हरच्या भाषेतही पत्र एका यंत्राने दुसऱ्याच्या हाती देत पुढे नेणे याला ‘रिले’ म्हणतात, तेव्हा शब्द फिरून घरीच आला म्हणायचा.

पेशवाईत सरदाराची जासूदजोडी सरदाराचीच पत्रे नेई, सावकारांचे कासीद वेगळे असत. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना आपल्या माळव्यातच, भेलशाजवळ कळली, ती अशाच एका सावकारी कासिदाजवळच्या पत्रातून. स्वतःच्या फौजेची खबर परक्याच्या डाकेने यावी, याहून त्या दिवसांची दैना काय सांगावी! अहिल्याबाईंच्या महेश्वरी दरबारातून पुण्यास जाणारी बातमीपत्रे पुढे पारसनिसांनी छापली. ती चाळली की कळते, कोणाचे पत्र कोणाच्या हाती द्यायचे याचा विचार त्या काळी किती बारकाईने होत असे.

मग महिदपूरची लढाई झाली, आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह. होळकरांच्या बाजूने तात्या जोग बोलणी करीत होते. या तहाने होळकरांचा मुलूख किती गेला हे सगळ्यांना पाठ असते. त्यातले एक कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. इंग्रज रेसिडेंटच्या माहितीवाचून आणि संमतीवाचून होळकरांनी इतर कोणत्याही संस्थानाकडे वकील पाठवू नयेत, घेऊ नयेत, दळणवळण ठेवू नये, असे ते कलम आहे. ज्या घराण्याचे जासूद दिल्लीपासून पुण्यापर्यंत धावले, त्याने शेजाऱ्याला पत्र लिहायचे तर आता परवानगी काढायची. राजधानी त्याच सुमारास इंदूरला आली. आपले शहर राजधानी म्हणून उभे राहिले ते असे, डाकेवर पहारा बसलेल्या अवस्थेत.

इंग्रजांनी स्वतःच्या डाकेचेही नियम हळूहळूच बसवले. आधी ती कंपनीच्या कामापुरती होती. १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ती पैसे घेऊन लोकांना खुली केली, शंभर मैलांना दोन आणे, आणि पावती म्हणून तांब्याचे बिल्ले. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे वाहण्याचा मक्ता सरकारने स्वतःकडे घेतला. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कुठेही जाऊ लागले. तिकडे विलायतेत पार्लमेंटच्या सभासदांना पत्रावर नुसती सही करून ते फुकट धाडण्याची सवलत होती. सभासदांचे मित्र आणि ओळखीपाळखीचे लोकही त्या सहीखाली आपली पत्रे सरकवीत. १८४० मध्ये ती सवलत बंद झाली. दुसऱ्याच्या नावावर आपली डाक फुकट घालणे हा रोग संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

आता ई-मेलकडे. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर पत्र धाडले आणि पत्त्यात ‘@’ हे चिन्ह बसवले. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या डाकेचे जे नियम लिहून काढले, त्यांवर जगाची ई-मेल आजही चालते. नियम अगदी साधे आहेत. पाठवणारे यंत्र दुसऱ्या यंत्राला सांगते, मी अमुक. मग, हे पत्र अमक्याकडून आहे. मग, ते तमक्याला द्यायचे आहे. ऐकणारे यंत्र प्रत्येक वाक्यावर ‘ठीक’ म्हणते. तू खरोखर अमुकच का, हे त्या मूळ नियमांत कोणी विचारीत नाही. वाड्याच्या दिंडीत बसलेल्या म्हाताऱ्याने येईल त्याला ‘या, बसा’ म्हणावे, तसा प्रकार.

याला कारण होते. त्या काळी यंत्रे थोडी, ती विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत, आणि चालवणारे बहुतेक एकमेकांना ओळखणारे. दोन यंत्रांत थेट तार नसायची. म्हणून तिसरे यंत्र मधला टप्पा होई आणि परक्याचे पत्र बिनबोभाट पुढे नेई. काही पत्त्यांत तर वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचे नाव उद्गारचिन्हे घालून ओळीने लिहावे लागे. बेल लॅब्सच्या ‘इंडियन हिल’ येथील एका यंत्राने वर्षानुवर्षे अशी कोणाकोणाची डाक वाहिली, टेलिफोनचे बिल स्वतः भरून. नाव ऐकून हुरळून जाऊ नये, ही टेकडी शिकागोजवळची.

आपल्याकडेही आरंभ असाच झाला. १९८६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे उभारायला घेतले. त्यात पाच आय.आय.टी., बंगलोरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचे एन.सी.एस.टी. हे संगणक केंद्र होते. जुहू आणि पवई यांच्यात टेलिफोनवरून ई-मेल सुरू झाली. जुहूच्या यंत्राचे नाव ‘शक्ती’, आणि देशातल्या कितीतरी संशोधकांची परदेशी डाक त्या एका टप्प्यावरून जाई. श्रीनिवासन रमाणी तेव्हा त्या केंद्राचे प्रमुख होते. पण अर्नेटचा परवाना होता तो शिक्षण आणि संशोधन यांपुरता. तुम्हाआम्हाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्ही.एस.एन.एल.कडून, आणि तेही पहिल्या दिवशी चार महानगरांतच.

माणसे वाढली आणि दिंडीतल्या म्हाताऱ्याची पंचाईत झाली. जाहिरातीची लाखो पत्रे पाठवू पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले की स्वतःची तार लागतच नाही. जगात कुठेही उघडा टप्पा शोधावा, त्याला एक पत्र आणि हजार पत्ते द्यावेत, ओझे तो वाहतो. पत्रावर नाव त्याचे, शिव्याही त्यालाच. मग उलट उपाय सुरू झाले. १९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी अशा बदनाम यंत्रांची काळी यादी चालवायला घेतली, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांची स्पॅमहाउस आली. यादीत नाव लागले की इतर यंत्रे त्या यंत्राचे पत्रच घेत नाहीत. त्याच १९९८ साली ‘सेंडमेल’ या तेव्हाच्या सर्वांत प्रचलित मेल-प्रणालीने आपली नवी आवृत्ती दार बंद ठेवून बाजारात आणली, म्हणजे मालकाने मुद्दाम परवाना लिहिल्याखेरीज परक्याची डाक पुढे जायची नाही. सगळ्यांना हे रुचले असे नाही. अमेरिकेतले जॉन गिलमोर यांनी आपले यंत्र हट्टाने उघडे ठेवले. चार खोडकरांपायी जुनी देवघेव का मोडायची, असा त्यांचा सवाल. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांचे यंत्र त्यांचे एकट्याचे होते, आमच्या यंत्रावर लोकांच्या लेकीबाळींची स्थळे चालली होती.

आता आमची चूक. आम्ही ‘पोस्टफिक्स’ नावाची प्रणाली बसवली होती. आय.बी.एम.च्या वित्से वेनेमा यांनी लिहिलेली, १९९८ मध्ये खुली झालेली, फुकट आणि भक्कम. तिच्यात ‘मायनेटवर्क्स’ नावाची एक ओळ असते. तिथे आपल्या घरच्या यंत्रांचे क्रमांक लिहायचे. त्या क्रमांकांवरून आलेले पत्र सर्व्हर जगात कुठेही नेतो. बाकीच्यांकडून तो फक्त मंडळाच्या पत्त्यावर आलेली पत्रे घेतो. आम्ही तिथे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे क्रमांक लिहिले, कारण कार्यालयातले तिन्ही संगणक त्याच घरातले. पुस्तकातही तसेच होते. एका संगणकावरून पत्र पाठवून पाहिले, पोचले. पेढे वाटले.

ध्यानात आले नाही ते राउटरचे. बाहेरची डाक आत येई ती राउटरमधून. आमचा तो स्वस्तातला राउटर प्रत्येक पाहुण्याला आत सोडताना त्याच्या कपाळावरचा मूळ क्रमांक पुसून स्वतःचा चिकटवत होता, १९२.१६८.१.१. सर्व्हरच्या डोळ्यांना आख्खे जग आपल्याच घरातले दिसू लागले. परवान्याची ओळ अक्षरशः बरोबर होती, आणि दार सताड उघडे होते. आम्ही तपासणी केली ती घरात बसून. राजवाड्याजवळच्या एखाद्या सायबर कॅफेत दहा रुपये देऊन बाहेरून दार ढकलून पाहिले असते, तर त्याच दिवशी कळले असते.

जुलैमध्ये कोणालातरी ते दार सापडले. कार्यालय झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “तुमच्या डब्याचा दिवा रात्रभर लुकलुकतोय.” आम्ही हसलो. चार दिवसांत मंडळाचे नाव काळ्या याद्यांत गेले. आमच्या नावावर गेलेल्या भलत्यासलत्या जाहिरातींपैकी जी पत्रे कुठे पोचली नाहीत ती मंडळाच्या पेटीत परत येऊ लागली, दिवसाला हजारोंनी. पेटी पाहणारा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा. तो रोज संध्याकाळी येऊन सगळी एकदम पुसून टाकी. त्याला दोष देववत नाही.

त्याच आठवड्यात एका इंदुरी कुटुंबाने नाशिकच्या एका स्थळाला होकार दिला होता. वडिलांकडे ई-मेल नव्हती. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून दिली, ती वधू-वर विभागाने टाइप करून पाठवली. नाशिकच्या बाजूच्या यंत्राने आमचे नाव काळ्या यादीत पाहून पत्र परत केले. परत आलेले ते पत्र त्या हजारांत गेले आणि पुसले गेले. नाशिककरांनी तीन आठवडे वाट पाहिली. उत्तर नाही याचा अर्थ आपल्याकडे नकार असाच घेतात, आणि फोन करून पुन्हा विचारणे त्यांना बरे दिसले नाही. त्यांनी दुसरीकडे जमवले. इकडे मुलीच्या वडिलांनाही वाटले, होकार देऊनही तिकडून शब्द नाही, म्हणजे त्यांचे मन नसणार. त्यांनीही विचारले नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले, अनंत चतुर्दशीला गेले, आणि सप्टेंबरात यंत्राच्या नोंदी चाळताना आम्हाला ती ओळ दिसली. तारीख, वेळ, नाशिकचा पत्ता, आणि ‘नाकारले’. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. सांगायला दहा मिनिटे लागली, कारण राउटर काय ते आधी सांगावे लागले. ते सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे ते नाही म्हणाले नव्हते तर?” आत स्वयंपाकघरात भांडे ठेवल्याचा आवाज झाला. चहा आला, आम्ही घेतला.

त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या सभेत वाद झाला. एक पक्ष म्हणे, सर्व्हरच बंद करा. दुसरा म्हणे, मंडळाचे दार सभासदांना बंद कसे करता? जे आजी-आजोबा सहा महिने मुलांकडे पुण्याला किंवा न्यू जर्सीला जातात, ते तिथून मंडळाच्या पत्त्यावरून लिहितात, त्यांचे काय? याच सभेत त्या ज्येष्ठ सभासदांनी पिशवीतून अल्बम काढला. ते म्हणाले, “आमच्या आजोबांना महूला पत्र टाकायचे तर दोन तिकिटे लावावी लागत. त्यात कोणाला अपमान वाटत नव्हता. हरकारा चेहरा पाहत नाही, तिकीट पाहतो. तुमचा हा हरकारा माणूस कुठल्या गल्लीतून आला ते पाहतो. गल्ली काय, कोणीही सांगेल.”

यावर कोणी काही बोलले नाही, आणि नवे परवाने त्याप्रमाणेच लिहिले गेले. ‘मायनेटवर्क्स’मध्ये आता फक्त १२७.०.०.१ आहे, म्हणजे ते यंत्र स्वतः. कार्यालयातला संगणक असो की न्यू जर्सीतला, ज्याला बाहेर पत्र पाठवायचे त्याने आपले नाव आणि पासवर्ड द्यायचा, आणि तेही ५८७ क्रमांकाच्या वेगळ्या दारातून. नाव-पासवर्ड विचारण्याचा नियम जगात मार्च १९९९ पासून लिहिलेला होता, आम्हीच तो अवजड म्हणून सोडला होता. २५ क्रमांकाच्या जुन्या दारातून कोणीही यावे, पण पत्र मंडळाच्या पत्त्यावरचे असावे. बाकीच्यांना यंत्र सांगते, पुढे नेण्याची परवानगी नाही. ओळींचा क्रमही महत्त्वाचा: आधी स्वतःचे यंत्र, मग ओळख पटलेले सभासद, आणि शेवटी नकार. नकार पहिल्या ओळीत गेला तर सभासदही बाहेर, गाळला तर सगळे गाव आत. पोस्टफिक्सने २०१३ मध्ये या रिलेच्या परवान्यांसाठी स्वतंत्र ओळच काढली, तेव्हा अशी गफलत करणारे आम्ही एकटेच नव्हतो असे दिसते.

काळ्या याद्यांतून नाव निघायला काही दिवस लागले. काही याद्यांनी आपणहून काढले, काहींना अर्ज करावा लागला. बासष्ट सभासदांना पासवर्ड वाटले. त्यांतले निम्मे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या पानावर लिहिले गेले, हेही आम्हाला माहीत आहे, आणि त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

तो संगणक २०११ मध्ये भंगारात गेला. त्याच्या जागी दुसरा आला, राउटरही बदलला. दर वेळी काही बदलले की आमच्यापैकी एकजण बाहेर कुठेतरी जाऊन, मंडळाशी संबंध नसलेल्या तारेवरून, आपल्याच दारावर परके पत्र टाकून पाहतो. परत आलेल्या पत्रांची पेटी रविवारी सकाळी दोघांनी मिळून वाचायची असे ठरले आहे, आणि न वाचता काही पुसायचे नाही. वधू-वर विभागात होकार असो वा नकार, ई-मेल गेल्यावर फोनही होतो. कपाटात त्यासाठी एक लाल बांधणीची वही आहे. तिच्यात फोनची तारीख, वेळ आणि पलीकडे कोणी उचलला ते लिहिले जाते.